कच्चं खाल्लं की खाज, शिजवलं की काहीच नाही!

सकाळचे साडेपाच. अजून नीट उजाडलेलं नसतं आणि भंडाऱ्यातल्या मैदानावर पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी धावत असतात. धावणं झालं, गोळ्याचे चार-सहा थ्रो मारून झाले की बॅगांमधून डबे निघतात. भिजवलेले चणे, उकडलेली अंडी आणि केळी. डब्यातली प्रोटीन पावडर परवडणारे फार थोडे. त्यामुळे केळं म्हणजे या मैदानाचा राष्ट्रीय आहार.

माझी एक मैत्रीण याच गर्दीतली. लाखनीकडच्या गावातून आलेली, शहरात खोली करून राहणारी. दोन वर्षांपूर्वी दसऱ्याच्या आसपास तिला एक विचित्र त्रास सुरू झाला. केळ्याचा पहिला घास घेतला की ओठ चुरचुरायचे, टाळूला खाज सुटायची, कानाच्या आत कुणी गवताची काडी फिरवतंय असं वाटायचं. पंधरा-वीस मिनिटांत सगळं गायब. मग कोशिंबिरीतल्या कच्च्या टमाटरनं तेच केलं. पुढे मार्चमध्ये नदीकाठची डांगरं बाजारात आली, तेव्हा एका फोडीत तोंड सुजल्यासारखं झालं.

घरी फोन केला तर आई म्हणाली, "मंग खातेस कायले?" रूममेटचं म्हणणं, केळं थंड असतं, सर्दीत खायचंच नसतं. मैदानावरच्या एकाचं निदान आणखी सोपं होतं: नाटकं. कारण टमाटरची चटणी ती आरामात खायची. भाजीत, वरणात टमाटर असला तरी काही व्हायचं नाही. कच्चं चालत नाही आणि शिजवलेलं चालतं, असं कुठं असतं का?

असतं. आणि त्याचं कारण तिच्या ताटात नव्हतं, तिच्या नाकात होतं.

आधी शिंका, मग खाज

दरवर्षी आश्विन लागला की तिला शिंका यायच्या. डोळे लाल, नाक वाहतंय, सकाळी जास्त. आपल्याकडे याला कुणी आजार म्हणत नाही. "हवा बदलली" एवढं म्हटलं की विषय संपतो. शिंका आणि केळं यांचा काही संबंध असेल हे तिच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं. माझ्याही आलं नसतं.

संबंध असा आहे. काही जणांचं शरीर फुलांच्या परागकणांना शत्रू समजून बसतं. परागकण तसा निरुपद्रवी, पण शरीरानं एकदा गैरसमज करून घेतला की त्याच्यातल्या प्रोटीनविरुद्ध आयजीई नावाची अँटिबॉडी तयार होते. ही अँटिबॉडी म्हणजे पोलिसांच्या हातातलं संशयिताचं चित्र समजा. चित्र घेऊन पेशी नाकात, डोळ्यांत, तोंडाच्या आतल्या त्वचेत दबा धरून बसतात. तो चेहरा दिसला की या पेशी हिस्टामिन सोडतात, आणि मग खाज, सूज, पाणी.

आता गंमत अशी की झाडं एकमेकांपासून कितीही वेगळी असली तरी त्यांच्या पेशींमधली काही प्रोटीन्स जवळपास सारखी असतात. प्रोफिलिन नावाचं एक प्रोटीन तर झाडून सगळ्या वनस्पतींमध्ये असतं. पेशीचा सांगाडा जुळवणं हे त्याचं रोजचं काम. गवताच्या परागात ते आहे, केळ्यात आहे, टमाटरमध्ये आहे, डांगरात आणि संत्र्यातही आहे. चेहरेपट्टी एवढी सारखी की चित्र घेऊन बसलेला पोलीस फसतो. पकडायचा असतो गवताचा पराग, आणि धरला जातो केळ्याचा तुकडा.

म्हणजे तिला मुळात केळ्याची ॲलर्जी नव्हतीच. ॲलर्जी परागाची. केळं फक्त चेहरा जुळला म्हणून अडकलं.

शिजवल्यावर काय होतं? प्रोटीन म्हणजे एक विशिष्ट पद्धतीनं घडी घातलेला धागा. या गटातली प्रोटीन्स नाजूक असतात, उष्णता लागली की त्यांची घडी मोडते आणि चेहराच बदलतो. चटणीतल्या टमाटरला पोलीस ओळखतच नाही. पोटातलं आम्लही हेच काम करतं, म्हणून कच्चं केळं गिळल्यावर पुढे पोटात सहसा काही होत नाही. त्रास ओठ, जीभ, टाळू, घसा एवढ्यातच आणि थोडा वेळच राहतो. तुम्हाला असं काही होत असेल आणि लोक त्याला नाटक म्हणत असतील, तर हे वाक्य त्यांना वाचून दाखवा.

डॉक्टरांच्या भाषेत याचं नाव 'ओरल ॲलर्जी सिंड्रोम'. नाव 1987 मध्ये लंडनच्या ॲमलॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिलं, पण गोष्ट जुनी आहे. 1942 मध्येच टफ्ट आणि ब्लुमस्टीन या अमेरिकन डॉक्टरांनी ताज्या फळांनी होणाऱ्या अशा त्रासाबद्दल लिहिलं होतं. 1970 मध्ये अमेरिकेतच रॅगवीड नावाच्या रानटी झाडाच्या परागाची ॲलर्जी असलेल्या लोकांना खरबूज आणि केळं खाल्ल्यावर तोंडात खाज येते, अशी नोंद झाली. युरोपात सगळ्यात गाजलेली जोडी बर्च नावाचं झाड आणि सफरचंद यांची. बर्चच्या परागातल्या त्या प्रोटीनचं जनुक 1989 मध्ये व्हिएन्नामध्ये वेगळं काढलं गेलं, आणि प्रोफिलिन हाही ॲलर्जी करणारा घटक आहे हे 1991 मध्ये पुढे आलं.

आता प्रश्न आपला. बर्चचा आपल्याकडचा नातेवाईक म्हणजे भूर्ज, ज्याच्या सालीवर पोथ्या लिहायचे. तो राहतो हिमालयात. भंडारा जिल्ह्यात बर्च नाही आणि रॅगवीडही नाही. मग आपल्या नाकात जातं काय?

हवेतला धान

सगळ्यात आधी गवत. आणि गवत म्हटलं की आपण धुऱ्यावरची हरळी, रिकाम्या प्लॉटवरचं कुसळी गवत एवढाच विचार करतो. पण भंडाऱ्यात सगळ्यात जास्त जमिनीवर जे गवत आहे, त्याला आपण गवत म्हणतच नाही. त्याला आपण धान म्हणतो. वनस्पतिशास्त्राच्या हिशोबानं धान, गहू, ज्वारी, मका, ऊस, बांबू ही सगळी एकाच कुळातली. धानाच्या परागातलं 'ओरायझा एस 1' हे प्रोटीन इतर गवतांच्या परागातल्या मुख्य ॲलर्जी करणाऱ्या प्रोटीनचं भावंड आहे, आणि ॲलर्जी करणाऱ्या प्रोटीन्सच्या आंतरराष्ट्रीय यादीत त्याची नोंद आहे.

आषाढात पऱ्हे उपटून रोवणी होते. हलका धान आधी निसवतो, भारी धान नंतर. भाद्रपद-आश्विनात बांध्याच्या बांध्या लोंब्यांवर येतात. धानाचं फूल तुम्ही शेतकऱ्याच्या घरचे असाल तरी कदाचित नीट पाहिलं नसेल, कारण ते दिसतं एवढंसं आणि उघडतं थोडाच वेळ. साधारण सकाळी नऊ ते दुपारी बाराच्या दरम्यान दाण्याचं टरफल फाकतं, पिवळट केसर बाहेर लोंबतात, पराग सांडतात आणि टरफल मिटतं. बहुतेक पराग त्याच फुलात पडतात, धान स्वतःचं स्वतःच भागवतो. उरलेले वाऱ्यावर. परागकण काही मिनिटांत निर्जीव होतो, पण ॲलर्जीला जिवंत पराग लागत नाही. प्रोटीन असलं की पुरे.

ज्या भागात पाणी आहे तिथे उन्हाळी धानही होतो आणि उन्हाळा सुरू होता होता तो निसवतो. म्हणजे इथल्या नाकांना वर्षातून दोनदा हंगाम. दुसरा हंगाम नेमका टरबूज-डांगराच्या वेळचा.

इथे एक गैरसमज आधीच मोडून टाकतो, नाहीतर उद्या कुणीतरी भात सोडेल. धानाच्या परागाची ॲलर्जी म्हणजे भाताची ॲलर्जी नव्हे. पराग वेगळा, दाणा वेगळा, आणि भात तर शिजलेला. धान मळताना, राईस मिलच्या कोंड्यात किंवा तणसाच्या ढिगाजवळ शिंका येतात, तीही वेगळीच भानगड. तिथे धूळ, बुरशी, कोंड्याची कुसं असं बरंच काही असतं.

दुसरा संशयित म्हणजे गाजर गवत. नावात गवत असलं तरी हे गवत नाही, सूर्यफूल-शेवंतीच्या कुळातलं आहे, आणि रॅगवीडचं अगदी जवळचं नातलग. भारतात ते पहिल्यांदा नजरेस आलं पुण्यात, 1950च्या दशकात, आणि आर. एस. राव यांनी 1956 मध्ये त्याची नोंद प्रसिद्ध केली. परदेशातून आलेल्या धान्यासोबत त्याचं बी आलं असं मानलं जातं, म्हणून काही जण त्याला काँग्रेस गवत म्हणतात. पुण्याकडे चटकचांदणी असंही नाव आहे. पुढे त्यानं पुणे परिसरात त्वचेचा एवढा त्रास दिला की परदेशी वैद्यकीय नियतकालिकांतही त्यावर लेख आले. पांढऱ्या चुरचुरीत फुलांचे हे झुडूप आज कुठे नाही? कॉलेजच्या मागे, बसस्टँडच्या कडेला, हायवेच्या दोन्ही बाजूंनी. बंगळुरूच्या संशोधकांनी त्याच्या परागानं नाकाची ॲलर्जी होते हे दाखवलं, आणि रॅगवीडची अँटिबॉडी गाजर गवताच्या परागालाही चिकटते हेही. रॅगवीडशी जोडलेला खाण्याचा गट आठवा: केळं, खरबूज, टरबूज, काकडी.

जाता जाता एक. एनएसएसच्या शिबिरात गाजर गवत उपटायचा कार्यक्रम असतोच असतो, आणि आपण सगळे ते उघड्या हातांनी उपटतो. मीही उपटलंय. हातमोजे, पूर्ण बाह्या, तोंडाला रुमाल, आणि फुलं येण्याआधी उपटणं, एवढं केलं तरी पुष्कळ. फुलावर आलेलं गाजर गवत उपटणं म्हणजे पराग स्वतःच्या तोंडावर झटकून घेणं. कॉलेजनं शिबिराच्या बजेटमध्ये बॅनरऐवजी हातमोजे घेतले तर बरं होईल, असं माझं नम्र मत.

आपल्या देशातलं काय सापडलंय?

परागाशी जोडलेली खाण्याची ॲलर्जी हा गोऱ्या लोकांचा आजार आहे, असं काही नाही. 2007 मध्ये दिल्लीच्या संशोधकांनी एक छान गोष्ट दाखवली. विलायती बाभूळ, जी उत्तर आणि पश्चिम भारतात माजलेली आहे, तिच्या परागाची ॲलर्जी असलेल्या काही रुग्णांच्या अँटिबॉडीज डबल बी या कडधान्यालाही ओळखत होत्या. बाभूळ शेंगेच्या कुळातली, डबल बीही त्याच कुळातली. म्हणजे नातं सरळ घरातलंच.

वांग्याचं तर विचारूच नका. विदर्भात प्रत्येक घरात एक तरी माणूस असतो, ज्याला "वांगं चालत नाही". मैसूरच्या सीएफटीआरआय या अन्नसंशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी तिथल्या डॉक्टरांसोबत 741 लोकांना तपासलं, 2008 मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. सुमारे नऊ टक्के लोकांमध्ये वांग्याबद्दल काही ना काही संवेदनशीलता दिसली, बायकांमध्ये जास्त. पण आयजीईमुळे होणारी पक्की ॲलर्जी एक टक्क्याच्याही आत. शिवाय वांग्यातली ॲलर्जी करणारी प्रोटीन्स आपल्या केळ्यातल्या प्रोफिलिनसारखी भित्री नसतात. वांगं आपण कच्चं खातच नाही, तरी त्रास होतो, यातच ते आलं.

याहून मोठा अभ्यास बंगळुरू-मैसूरचा. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेला, अकरा हजारांहून जास्त प्रौढांचा. त्यात तपासणीत कुठल्या तरी अन्नाविरुद्ध अँटिबॉडी सापडलेले लोक 26.5 टक्के निघाले. आणि खरोखर ते अन्न खाऊन त्रास होतो, असे किती? 1.2 टक्के. हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून एकदा बघा. रक्तात अँटिबॉडी सापडणं आणि ॲलर्जी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परागाविरुद्धची अँटिबॉडी रिपोर्टमध्ये दहा पदार्थांच्या नावापुढे टिकमार्क करून ठेवू शकते, आणि माणूस ते दहाही पदार्थ मजेत खात असतो.

हे एवढं ठासून सांगतोय त्याला कारण आहे. माझी मैत्रीण नेमकी इथेच फसली.

लाल रंगाचा रिपोर्ट

कुणीतरी तिला सांगितलं की एकच रक्ततपासणी केली की दोनशे पदार्थांची ॲलर्जी कळते. पैसे साठवून तिनं ती केली. रिपोर्ट रंगीत होता, हिरवा, पिवळा, लाल. लालमध्ये गहू, दूध, अंडं, तूरडाळ, शेंगदाणा आणि आणखी कितीतरी. ती बिचारी यादी भिंतीवर चिकटवून बसली. सगळं बंद. खोलीवर राहणाऱ्या, मेसचा डबा खाणाऱ्या पोरीनं गहू, दूध, अंडं आणि डाळ सोडल्यावर उरतं काय? भात आणि बटाटा. तीन महिन्यांत वजन चार किलोनं उतरलं. 800 मीटरचं टायमिंग सुधारायचं सोडून बिघडलं. केळ्याची खाज मात्र जिथल्या तिथं, कारण केळं रिपोर्टमध्ये हिरवं होतं!

नंतर कळलं की ती तपासणी आयजीई नव्हे, आयजीजी अँटिबॉडीची होती. आयजीजी आपण एखादी गोष्ट नेहमी खातो याची खूण आहे, ॲलर्जीची नाही. युरोपातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेनं 2008 मध्येच स्पष्ट सांगितलंय की खाण्याच्या ॲलर्जीसाठी ही तपासणी करू नये. म्हणजे तिच्या रिपोर्टचा अर्थ एवढाच होता: ही मुलगी पोळी, वरण, दूध, अंडी रोज खाते. त्यासाठी रक्त द्यायची काय गरज होती?

शेवटी नागपूरच्या एका ॲलर्जीतज्ज्ञाकडे गेली. मी सोबत होतो. त्यांनी पहिला प्रश्न खाण्याबद्दल विचारलाच नाही. शिंका कधी येतात, कोणत्या महिन्यात, घराच्या आजूबाजूला काय आहे, हे विचारलं. खाल्ल्यावर किती मिनिटांत होतं, किती वेळ राहतं, शिजवलेलं चालतं का, हे नंतर. खरं निदान बहुतेक या प्रश्नांतच होतं. मग हातावर परागाच्या अर्काचे थेंब ठेवून सुईनं हलकं टोचलं. फळासाठी तर बाटलीतला अर्कही वापरला नाही, कारण तयार अर्कात ही नाजूक प्रोटीन्स टिकत नाहीत. सुई आधी ताज्या केळ्यात टोचायची, मग तीच हातावर. पंधरा मिनिटांनी गवताच्या परागाच्या जागी मोठी गांधी, केळ्याच्या जागी छोटी. गहू, दूध, अंडं: काहीच नाही. तिनं डॉक्टरांच्या केबिनबाहेर येऊन पहिली गोष्ट केली, ती म्हणजे समोरच्या टपरीवर दूध घातलेला चहा आणि ऑम्लेट-पाव मागवला.

प्रत्येक खाज ॲलर्जी नसते

सुरणानं खाजतं, धोप्याच्या पानाची वडी कच्ची राहिली की घसा खवखवतो. ती ॲलर्जी नाही. त्या पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते अक्षरशः टोचतात, आणि ते सगळ्यांनाच टोचतात. आज्या त्यात चिंच घालतात ती उगाच नाही. अननसानं जीभ सोलवटते, तो त्यातल्या ब्रोमेलेन या प्रोटीन तोडणाऱ्या घटकाचा प्रताप.

आंब्याचं प्रकरण थोडं गुंतागुंतीचं. आंब्याचा चीक लागून ओठांच्या कडेला फोड येतात, ते दुसऱ्या दिवशी उमटतात. आपल्या जंगलातला बिबा ज्यांना उततो, त्यांना हे कळेल. बिबा, आंबा, काजू, चारोळी एकाच कुळातले, आणि त्या चिकातली रसायनं त्वचेला झोंबतात. पण आंबा खाऊन काही मिनिटांत अंगभर गांधी आणि श्वास लागणं, हे वेगळं आणि गंभीर. मैसूरच्या हेगडे आणि वेंकटेश यांनी 2007 मध्ये अशा एका रुग्णाची नोंद केलेली आहे. ते क्वचित होतं, पण होतं.

आणि हरभरा. मुंबईच्या पाटील, निफाडकर आणि बापट या संशोधकांनी 2001 मध्ये दाखवून दिलं की आपल्या उपखंडात हरभरा हा ॲलर्जीचा महत्त्वाचा पदार्थ आहे. पाश्चात्त्य पुस्तकांत शेंगदाण्यावर पानंच्या पानं असतात, हरभऱ्याचा उल्लेख शोधावा लागतो. बेसन शिजवलं, तळलं म्हणून सुरक्षित होत नाही. म्हणून "शिजवलं की चालतं" हा नियम केळं-टमाटर-डांगर या गटापुरताच. शेंगदाणा, काजू, हरभरा, अंडं, मासे, झिंगे यांच्या बाबतीत तो लावून स्वतःवर प्रयोग करायचा नाही. अजिबात नाही.

कधी घाबरायचं?

परागाच्या नात्यातून येणारा त्रास बहुतेकांना तोंडापुरताच राहतो. थुंकायचं, चूळ भरायची, थांबायचं. पण अगदी थोड्या लोकांमध्ये तो पुढे जातो. आवाज बसला, घशात गोळा अडकल्यासारखं वाटलं, श्वासाला शिट्टी आली, अंगभर गांधी उठल्या, उलट्या झाल्या, डोळ्यांसमोर अंधारी आली, यातलं काही झालं तर ते ॲनाफिलॅक्सिस असू शकतं. तिथे सेट्रिझिनची गोळी देऊन वाट बघत बसायचं नाही. औषध एकच, ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, आणि ते लवकर मिळायला हवं. 108 लावा, माणसाला आडवं झोपवा, पाय थोडे वर. श्वास लागत असेल तर बसू द्या, पण उभं करून चालवू नका. गावातून भंडाऱ्याला यायला तास लागत असेल, तर जवळचं ग्रामीण रुग्णालय किंवा पीएचसी आधी गाठा. परदेशात रुग्ण खिशात बाळगतात ती तयार इंजेक्शनं आपल्याकडे सहज मिळत नाहीत, म्हणून तर जवळचा दवाखाना माहीत असणं जास्त महत्त्वाचं.

मैदानावरच्या दोस्तांसाठी खास. ज्यांना कच्च्या फळानं तोंडात खाज येते, त्यांनी तेच फळ शेक करून, उपाशीपोटी, मोठा ग्लासभर, धावायच्या आधी पिऊ नये. चावून खाताना पहिल्या घासालाच तोंड इशारा देतं आणि आपण थांबतो. शेकमध्ये चार केळी एका दमात पोटात जातात. त्यात ॲसिडिटीच्या गोळ्या रोज घेत असाल तर पोटातलं आम्ल कमी झालेलं असतं, म्हणजे ते प्रोटीन मोडणारा दुसरा पहारेकरीही गैरहजर. वर जोरदार व्यायाम आणि अंगदुखीची पेनकिलर. या सगळ्या गोष्टी एकत्र आल्या की साधी खाज गंभीर होण्याची शक्यता वाढते. आणि भरतीच्या तयारीत या सगळ्या गोष्टी एकत्र येतातच.

पराग टाळणं पूर्ण जमत नाही, धानाच्या जिल्ह्यात राहून तर नाहीच. तिला डॉक्टरांनी हंगामात नाकाचा स्प्रे दिला, बाहेरून आल्यावर तोंड धुवायला सांगितलं, आणि धानाच्या फुलोऱ्यात सकाळी नऊच्या आत मैदानावरून परतायला. ते तसंही ती परततेच. फळं सोडायला सांगितली नाहीत, जी त्रास देतात ती कच्ची खाऊ नको, एवढंच. आश्विनात तोंड जास्त चिडतं, पावसाळ्याच्या सुरुवातीला कमी. तिनं स्वतःचं कॅलेंडरच बनवलंय.

गेल्या महिन्यात तिच्या घरी सत्यनारायण होता. प्रसादाच्या ताटातलं कच्चं केळं तिनं शांतपणे धाकट्या भावाला दिलं. केळं घालून परतलेला शिरा दोन वाट्या खाल्ला. आईनं बघितलं, आणि या वेळी "कायले खातेस" असं काही म्हणाली नाही. तिसरी वाटी वाढली.